गोदामाच्या कंपाउंडला झटक्याचं कुंपण: परवानगी नेमकी कोणाची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. भिवंडी तालुक्यात, हायवेपासून थोडं आत, तुमच्या मालकीचं गोदाम आहे. वर्षभरात दोनदा चोरी झाली आणि दोन्ही वेळा चोर मागची भिंत चढून आले. आता कंपाउंडवर विजेचं कुंपण बसवायचं आहे. मशीन विकणारा सांगतो की परवानगीबिरवानगी काही लागत नाही. मागच्या चाळीतल्या लोकांनी ग्रामपंचायतीत तक्रार अर्ज दिला आहे. ग्रामसेवक म्हणतात, आधी आमचा ना-हरकत दाखला घ्या, मग कामाला हात लावा. तर खरी परवानगी कोणाची, आणि शेजाऱ्यांची तक्रार टिकेल का?

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. ठाणे, भिवंडी, वाडा या पट्ट्यात एकवीस वर्षं गोदामं, भंगाराची यार्डं आणि कोल्ड स्टोरेज यांची कामं करतो, त्यात अशी कुंपणंही येतात. मी वकील नाही. हातात नोटीस आली तर वकिलाकडेच जायचं. पण नोटीस येऊ नये म्हणून काय करायचं ते मला कामातून कळलं आहे, तेच सांगतो.

तुम्ही एका कागदाच्या शोधात आहात आणि तिथेच गोंधळ होतो. या कुंपणात तीन गोष्टी आहेत: भिंत, वीज, आणि ती तार ज्याला लागेल तो माणूस. भिंतीवर नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे बांधकामाला मंजुरी देणाऱ्या संस्थेचा, अधिकार चालतो, विजेवर विद्युत निरीक्षकाचा, आणि माणसाला काही झालं तर फौजदारी कायद्याचा. पहिल्या दोन्ही कार्यालयांचे कागद हातात असले तरी तिसऱ्यातून सुटका होत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाशी बोलायला बसलो की सुरुवात तिसऱ्यापासून करतो.

"माझी जागा, माझी भिंत, चोर चढला आणि मेला तर माझा काय दोष?" हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच देऊन ठेवलं आहे. खटला होता चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली म्हणून त्या घरातली माणसं ग्रेगरीच्या संडासात येऊ लागली. तोंडी सांगून ती ऐकेनात, तेव्हा त्याने संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात घरातला करंट सोडला. एक बाई आत जाताना वाचली, बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती दगावली. मालमत्तेच्या रक्षणासाठी हे केलं, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. परवानगीशिवाय आत आलेल्या माणसालाही थेट मारहाण करता येत नाही, मग ज्याने गंभीर इजा होणार हे माहीत आहे अशी वस्तू मांडून ठेवून ती इजा आडून करणंही चालत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. शिक्षा झाली ती निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या जुन्या ३०४-अ कलमाखाली. त्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. आणि करंट जीव घेऊ शकतो हे माहीत असूनच सोडला होता, असं पोलिसांना दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलमही लागू शकतं.

मग झटका मशीनचं कुंपण बेकायदा आहे का? नाही. जंगलालगतच्या शेतकऱ्यांना सौर कुंपणासाठी सरकारच अनुदान देतं, आणि तेही याच तत्त्वावर चालतं. फरक तारेत करंट कसा सोडला जातो यात आहे, आणि तो नीट समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास आवर्तनांची. हात तारेला लागला की स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि माणूस तारेला चिकटतो. करंट वाहतच राहतो. झटका मशीन, म्हणजे एनर्जायझर, आधी ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवतं आणि मग एका ठोक्यात तारेत सोडतं. व्होल्टेज सात-आठ हजारांच्या घरात जातं, आकडा ऐकूनच लोक घाबरतात. पण या मशीनांसाठीच्या आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा ठरलेल्या आहेत: ठोका सेकंदाला एकापेक्षा जास्त नाही, एका ठोक्याची लांबी १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यातली ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हात सुटतो, माणूस मागे फेकल्यासारखा होतो आणि पळतो. चालू मशीनजवळ उभं राहिलात तर टक्... टक्... असा आवाज येतो. तो आवाज मधे थांबतो, तेवढ्यातच माणूस वाचतो.

आता गावाकडून आलेली एक युक्ती सांगतो, कारण मशीन महाग वाटली की कोणीतरी ती सुचवतंच. "लाईनमध्ये शंभरचा बल्ब सिरीजला टाका, मग कोणी मरत नाही." हे साफ खोटं आहे. पेटलेल्या शंभर वॉटच्या बल्बचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ५३० ओहम, पण थंड बल्बचा त्याच्या एक दशांश. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. माणूस तारेला लागतो त्या क्षणी जवळजवळ सगळं व्होल्टेज त्याच्यावरच येतं आणि अंगातून दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. तुमच्या घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, तीस मिलिअँपिअरला ट्रिप होते, कारण त्यापुढे जीवाला धोका सुरू होतो. म्हणजे बल्ब मंद पेटत राहतो आणि माणूस तारेला चिकटलेला राहतो. विदर्भात रानडुकरांसाठी सोडलेल्या अशाच तारांनी शेतकरी मेले आहेत, वाघही मेले आहेत.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका यार्डाच्या मालकाचा फोन आला, "मशीन दुरुस्तीला टाकली होती, आली का बघा." मी सकाळी साडेसातला पोहोचलो. मशीनची जागा रिकामी. खाली वॉचमनने होल्डरमधून दोन वायर काढून कुंपणाच्या तारेला पीळ मारून जोडल्या होत्या, वरून चिकटपट्टी. भिंतीच्या पायथ्याशी दोन कुत्री मरून पडली होती. वॉचमन प्रामाणिक माणूस होता. चोरी झाली तर पगार कापला जाईल या भीतीने त्याने ते केलं होतं. मी मेन बंद केला, पक्कड घेतली, वायरी कापल्या आणि मालक येईपर्यंत तिथेच बसून राहिलो. भिंतीच्या पलीकडे शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट होती. त्या दिवसापासून मी एक अट घालतो: मशीनला कुलूपबंद पेटी, जवळपास दुसरा उघडा पॉइंट नाही, आणि बंद पडल्यास वॉचमनने फक्त फोन करायचा. ही अट मान्य नसेल तर मी काम घेत नाही.

आता विजेची बाजू. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्या सहीचा चाचणी अहवाल घ्या. मशीन विकणाऱ्याचा फिटर म्हणजे ठेकेदार नव्हे. मी काम सुरू करण्याआधी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाला पत्र देतो. त्यात मशीनचं मॉडेल, मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र आणि जागेचा नकाशा जोडतो, आणि पोच घेतो. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. उद्या काही घडलंच तर आपण लपवून काही केलं नाही हे त्या पोचेवरून दिसतं. अपघात झाला तर कळल्यापासून २४ तासांत निरीक्षकाला कळवावं लागतं, आणि चौकशीला पहिला माणूस तिथूनच येतो. त्याने आपली फाइल आधी पाहिलेली असलेली बरी.

मानकातल्या काही गोष्टी बहुतेक फिटर पाळत नाहीत, त्या तुम्ही स्वतः टेप घेऊन मोजा. कुंपणाचं अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगपासून शक्यतो १० मीटर, आणि काहीही झालं तरी किमान २ मीटर दूर हवं. नाहीतर झटका गोदामाच्या पत्र्यात आणि नळात उतरतो. एका कुंपणाला दोन मशीन जोडायच्या नाहीत. शेजारच्या प्लॉटवरही असं कुंपण असेल आणि मशीन वेगळी असेल तर दोन्ही तारांत किमान अडीच मीटर अंतर हवं, कारण दोन मशीनचे ठोके एकमेकांच्या मधे आले की ती सुटण्याची उसंतच जाते. काटेरी तारेत करंट सोडायचा नाही, कधीच नाही. काट्यात कपडा किंवा कातडी अडकलेला माणूस मागे हटू शकत नाही. तुमच्याकडे भिंतीवर जुनी काटेरी तार असणारच. ती आधी काढायला लावा.

आणि वर बघा. भिवंडीच्या गोदाम पट्ट्यात प्लॉटच्या कडेने हाय टेन्शन लाईन जाणं नेहमीचं आहे. हजार व्होल्टच्या वरच्या लाईनच्या दोन्ही बाजूंना १५ मीटरपर्यंत कुंपणाची तार जमिनीपासून ३ मीटरच्या वर नेता येत नाही. तुमची भिंतच दहा फूट असेल तर त्या टप्प्यात वर कुंपण बसणारच नाही. तिथे कॅमेरा आणि दिवा लावा.

आता भिंत, म्हणजे तुम्ही विचारलेली स्थानिक परवानगी. इथे "अवलंबून आहे" असंच म्हणावं लागतं, आणि ते तुमच्या गट नंबरवर अवलंबून आहे. जागा महापालिका हद्दीत असेल तर भिवंडी-निजामपूर महापालिका. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण. भिवंडी शहराभोवतालच्या अधिसूचित गावांसाठी २००७ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. तुमचं वर्णन वाचून तुम्ही याच तिसऱ्या गटात असाल असं वाटतं, पण अंदाजावर जाऊ नका, झोन दाखला काढा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला ही नियोजन परवानगी नव्हे. तरीही तो घ्या. ग्रामसेवक तुमचे विरोधक नाहीत. तक्रार त्यांच्या टेबलावर आहे, आणि गावातून आग लागल्याचा किंवा मूल अडकल्याचा पहिला फोन त्यांनाच जाणार आहे.

भिंतीच्या उंचीचे नियम डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. मुंबई, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी तीच चालते. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंत १.५ मीटरपर्यंत. वरचा ०.९ मीटर भाग जाळीसारखा आरपार दिसणारा असेल तर एकूण २.४ मीटरपर्यंत. वरच्या तारा त्या उंचीत धरायच्या की नाही हे मी मनाने ठरवत नाही. नकाशात तारांसकट एकूण उंची दाखवतो आणि प्राधिकरणाला लेखी विचारतो.

इथे तुम्हाला एक नाजूक गोष्ट सांगतो, रागावू नका. या पट्ट्यात पूर्ण मंजुरी नसलेली गोदामं बरीच आहेत. तुमच्या गोदामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला हातात नसेल, किंवा भिंत मंजूर उंचीपेक्षा जास्त असेल, तर कुंपणावरची तक्रार कुंपणापुरती राहत नाही. पाहणीला आलेला माणूस सगळा प्लॉट बघतो, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटवण्याची, नोटीस शेडवरही निघू शकते. मशीनचे पैसे देण्याआधी आर्किटेक्टला फाइल दाखवा. भिंतीचं नियमित करून घेणं आधी, तार नंतर. मशीन विकणाऱ्याला या क्रमाशी देणंघेणं नाही, तुम्हाला आहे.

शेजाऱ्यांची तक्रार टिकेल का? कुंपण कसं बसवता यावर. लोकांच्या जीवाला धोका आहे असं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांना, पटलं तर ते सार्वजनिक उपद्रव म्हणून हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ आहे. बाहेरच्या माणसाचा हात रस्त्यावरून किंवा त्याच्या अंगणातून तारेला पोहोचत असेल, तर तुमची बाजू लंगडी आहे. म्हणून सार्वजनिक बाजूला किमान दीड मीटरचा साधा, करंट नसलेला अडथळा हवाच, आणि करंटची तार त्याच्या आतल्या अंगाला. तार धरणारे लोखंडी अँगल बाहेर झुकवायचे नाहीत. भिंतीच्या आत वेगळं उभं कुंपण करत असाल तर मधे माणूस अडकेल अशी अर्धवट फट ठेवू नका. भिंत चढून आत उतरलेला चोर त्या फटीत पडला तर त्याला हलताच येणार नाही आणि ठोके बसतच राहतील. मी एक मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा सोडतो, किंवा सरळ भिंतीच्या माथ्यावरच कुंपण घेतो.

फलक दर १० मीटरला आणि प्रत्येक गेटवर. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, किमान १०० बाय २०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी वाचता येणारे. मी मराठी, हिंदी आणि हाताला झटका बसतानाचं चित्र, असं तिन्ही लावतो. आपल्याकडचे हमाल आणि ट्रकवाले उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नाही. मुलांना तर चित्रच कळतं. पाटीवर चोवीस तास लागणारा फोन नंबर लिहा.

आणि चाळीत जा. स्वतः जा, मॅनेजरला पाठवू नका. एका कामाच्या वेळी मी मालकाला घेऊन असाच मागच्या वस्तीत गेलो होतो. पुरुष मंडळी वाद घालत होती. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी मात्र सगळ्यात नेमका प्रश्न विचारला: "पावसात माझा ओला टॉवेल उडून तारेवर पडला तर?" मी सांगितलं की ओल्या टॉवेलमधून करंट भिंतीत उतरेल, व्होल्टेज पडेल, अलार्म वाजेल, वॉचमन मशीन बंद करून टॉवेल काढून देईल, तुम्ही बाहेरून काठीने ओढायचा नाही. आजी म्हणाल्या, "आणि वॉचमन झोपला असला तर?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही त्या बाजूची तार भिंतीच्या आतल्या अंगाला दीड फूट खाली घेतली आणि माथ्यावर साधी जाळी लावली. दोरीवरचे कपडे आता जाळीला अडकतात. तक्रार अर्ज त्यांनी स्वतःहून मागे घेतला. तुमच्याकडे अशी आजी असेल तर तिचं आधी ऐका.

दक्षिण आफ्रिकेत अशी कुंपणं घरोघरी आहेत, आणि तिथे २०११ च्या नियमांपासून नोंदणीकृत बसवणाऱ्याचं कुंपणाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे तसा एक कागद नाही, म्हणून तो आपणच जुळवायचा: झोन दाखला, भिंतीची मंजुरी, प्राधिकरणाला आणि विद्युत निरीक्षकाला दिलेल्या पत्रांच्या पोचा, ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस ठाण्याला दिलेली माहिती, ठेकेदाराचा अहवाल, मशीनचं प्रमाणपत्र, फलकांचे तारखेसह फोटो. एक फाइल गोदामात, एक घरी.

गोदामात काय ठेवता हे तुम्ही लिहिलेलं नाही. सॉल्व्हंट, रंग, थिनर, परफ्यूम असला ज्वलनशील माल असेल तर मी या कामाला हात लावणार नाही. ओल्या वेलीला लागून तारेवर ठिणग्या उडतात, रात्री त्या डोळ्यांनी दिसतात. कापड, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक माल असेल तरी मेन गेटबाहेर, कुलपाशिवाय हाताला लागेल असा कुंपण बंद करण्याचा स्विच हवा. अग्निशमन दलाचा माणूस रात्री दोन वाजता शिडी टेकवतो तेव्हा तारेत करंट आहे का हे विचारायला त्याला कोणी सापडत नाही. तुमच्या फायर ऑडिटवाल्याला जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्राच्या वेळी हा स्विच दाखवून ठेवा.

माझ्या हातात तुमचा प्लॉट असता तर मी पहिल्या महिन्यात फक्त मागची भिंत केली असती. दोन्ही चोऱ्या तिथूनच झाल्या आहेत. चारही बाजूंना तार लावली की देखभालही चौपट, आणि जूनमध्ये वेली चढल्या की पंधरा दिवसांत व्होल्टेज अर्ध्यावर येतं. रोज संध्याकाळी वॉचमनने मीटर लावून आकडा वहीत लिहायचा, तारीख आणि सही. ही वही चोरापेक्षा तुमच्यासाठी जास्त उपयोगाची आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी कळवा: झोन दाखल्यावर काय लिहिलंय, मागच्या भिंतीची दोन्ही बाजूंनी उंची, चाळीच्या सगळ्यात जवळच्या खिडकीपासून भिंतीचं अंतर, आणि वरून कुठली लाईन जाते. भिंतीचे फोटो दिवसाचे घ्या, चाळीच्या बाजूनेही घ्या.